झाऱ्याची गुप्त चौकशी

"माझ्या नजरंला दोन देश टरकून हायती," लालासाहेब सांगायचा, "एक पाकिस्तान आन् दुसरा चीन. पलटणीत नुसती बटाट्याची साल बघून सांगायचो मी, कुणी सोललाय त्यो!"

यातलं बटाट्याचं तेवढं खरं होतं. पलटणीच्या लंगरखान्यात त्याची उभी नोकरी बटाटे सोलण्यात गेली होती. पेन्शन घेऊन गावी आला आणि स्वतःच स्वतःला गुप्त पोलीस नेमून मोकळा झाला. हातात भिंग, पायात मिलिटरीचे बूट. आजवर गावातल्या सगळ्या केसेस त्यानं सोडवल्या होत्या, म्हणजे अर्ध्यावर सोडल्या होत्या. सिद्धू त्याचा सहाय्यक. या पदाला लागणारी पात्रता गावात फक्त सिद्धूकडे होती : सायकल.

आज मात्र केस सिद्धूच्याच दारात आली होती.

त्याच्या धाकट्या पोरीचं लग्न गेल्याच आठवड्यात औंधला यमाईच्या देवळात थोडक्यात उरकलं होतं. जावई कराडकडच्या साखर कारखान्यात कामाला. त्याला 'रिसिप्शन' पाहिजे होतं. हा काय प्रकार असतो ते लालासाहेबानंच गावाला समजावून दिलं होतं.

"नवरा-नवरी खुर्चीत बसत्यात आन् लोकं जेवत्यात."

"मग लग्नात काय वेगळं आसतं?"

"लग्नात भटजीबी जेवतो."

माणसं मोजकीच बोलावली होती. मसालेभात आणि वांग्याची भाजी ठरली. गोडाला शिरा करू, असं बायको धोंडुबाई म्हणत होती, पण एरवी बायकोपुढं ब्र न काढणारा सिद्धू या एका गोष्टीवर अडून बसला. बुंदीचे लाडूच पाहिजेत. थोरलीचं लग्न बहात्तरच्या दुष्काळात झालं होतं. पंगतीला मिलोच्या, म्हणजे रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीच्या भाकरी आणि गोड म्हणून गुळाचा खडा. पोरगी एका शब्दानं काही बोलली नव्हती, आणि तेच सिद्धूला इतकी वर्षं सलत होतं. आज ती माहेरी आली होती. उंबऱ्यातच त्यानं तिला सांगितलं होतं, "आक्का, आज बुंदी खाऊनच जायचं."

आणि आता आचारी आकाराम कानाशी लागून सांगत होता, "मालक, झारा न्हाई. काल घासून वट्ट्यावर ठिवला हुता."

झारा नाही म्हणजे बुंदी नाही. बेसनाचं पीठ पातेल्यात तयार होतं, कढई चुलीवर होती, पण ज्याच्या भोकांतून ते पीठ तेलात गळायचं, तेच गायब.

सिद्धू ओरडायला तोंड उघडणार, तोच लालासाहेबाचा पंजा त्यावर बसला. "गप! बोंबललास तर चोर सावध हुईल. चौकशी गुप्त पायजे." त्यानं देव्हाऱ्यातला भंडारा आणला आणि सिद्धूला आणि आकारामला बिरोबाची आण घातली : झारा हा शब्द तोंडातून काढायचा नाही. बिरोबाची आण म्हटल्यावर सिद्धूची जीभ टाळ्याला चिकटली.

लालासाहेबानं ओट्यावर भिंग फिरवलं. "साखर हाय, तूप हाय, पळी हाय. न्हेला फकस्त त्योच. म्हंजी चोराला भोकांची गरज हाय." मग त्याला खाली पांढरी पूड दिसली. जिभेवर ठेवून तो थुंकला. "पीठ! परदेशी गहू! नाथाजी गिरणीवाला!"

बाहेर पडताना अंगणातून ओरडा आला, "आवं, बूट उचला! ठिपकं मोडलं की समदं!" ही सिद्धूची बहीण सुलाबाई. तासगावहून खास रांगोळी घालायला आली होती. छापल्यासारखे एकसारखे ठिपके तिनं दारभर उठवले होते, आणि लालासाहेब त्यांच्या मधोमध उभा होता.

नाथाजीला लालासाहेबानं दरडावून विचारलं, "सकाळधरनं कुठं हुता?"

"गिरणीत."

"काय करत हुता?"

"दळत हुतो."

"लय तयारीचा गडी हाय," लालासाहेब सिद्धूला म्हणाला. "उत्तरं पाठ करून बसलाय."

तिथून संशय शेजारच्या गावच्या भाऊसो आचाऱ्यावर गेला. सिद्धूनं लालासाहेबाला कॅरिअरवर घेऊन चढ चढवला. भाऊसोच्या भिंतीवर चांगला लांब दांड्याचा झारा टांगलेला होता. लालासाहेबानं तो भिंगातून न्याहाळला. "ह्यो आपला न्हाई," तो कुजबुजला. "आपल्याचा दांडा वाकडा हाय. चल."

"पोरीच्या जेवणाला काय भांडं-बिंडं पायजे का सिद्धू?" भाऊसोनं आपणहून विचारलं. "लाजू नगंस गड्या."

सिद्धूनं झाऱ्याकडं बघितलं. डोळ्यांत पाणी आलं, पण बिरोबा आडवा आला. "न्हाई," तो म्हणाला, आणि रिकाम्या हातानं सायकलवर बसला.

परत येईपर्यंत उन्हं कलली होती. पाहुण्यांना घेऊन येणाऱ्या कराडच्या एसटीची वेळ होत आली. अंगणात लालासाहेब एकदम गुडघ्यावर बसला.

"घावला! ह्यो बघ बुटाचा ठसा! चोर मिलिटरीतला हाय!"

"गावात मिलिटरीतलं तुमी एकलंच हाय की वो," सिद्धू म्हणाला.

लालासाहेबानं ठशावर पुन्हा भिंग धरलं. "म्हंजी चोरानं माझं सोंग घेतलंया."

"आता काय आंगावर नाचता का माझ्या?" सुलाबाई कडाडली.

तेवढ्यात धोंडुबाई पदर खोचून स्वयंपाकाकडून आली. "आवं, तेल तापून धूर निघायला लागला! आकाराम, बुंदी का पाडंना झालास?"

आकारामनं आढ्याकडं बघितलं. सिद्धूनं पायाकडं बघितलं. धोंडुबाईनं कढई बघितली, ओटा बघितला, आणि तिला कुणी बिरोबाची आण घातलेली नसल्यामुळं अंगणाकडं तोंड करून तिनं सरळ हाक मारली, "आगं, झारा कुणी बघितला का?"

"ह्यो काय, माझ्याकडं!" सुलाबाईनं रांगोळीनं पांढरा झालेला झारा वर केला. "ठिपकं कसं झटक्यात पडत्यात बघ! पायजे हुता व्हय? मग सकाळीच मागायचा न्हाई का?"

सिद्धूनं धावत जाऊन झारा घेतला. लालासाहेबानं घसा साफ केला. "पांढऱ्या पुडीवर माझा पयल्यापास्नं डोळा हुता."

झारा घासून आला, कोरडा झाला, आणि पिवळीधमक बुंदी तेलात टपटपू लागली. पाहुणे आले तेव्हा लाडू वळून होत होते. नैवेद्य दाखवून झाल्यावर पहिला लाडू सिद्धूनं थोरलीच्या हातावर ठेवला. ती आताही काही बोलली नाही. खाल्ला, बोटं चाटली आणि दुसऱ्यासाठी हात पुढं केला. सिद्धूला इतका आनंद झाला की त्यानं तिच्या हातावर दोन ठेवले.

इतक्यात लालासाहेब लंगडत आला आणि त्याच्या कानाला लागला. "सिद्धू, सायकल काढ. नवी केस. पंगतीला बसताना बूट काढलं हुतं, डावा गायब झालाय. पर गुप्त ठिवायचं. पयली बिरोबाची आण घे."

तो भंडाऱ्याकडं वळला, तेवढ्यात सिद्धूनं भर मांडवात, नवरा-नवरीसुद्धा खुर्चीतून उठतील अशी आरोळी ठोकली, "आरं, लालासाहेबाचा बूट कुणी बघितला का?"

"माझ्याकडं हाय!" अंगणातून सुलाबाईचा आवाज आला. "आन् मोडल्यालं समदं ठिपकं परत घातल्याबिगार मिळायचा न्हाई!"

जेवून निघालेल्या पाहुण्यांना दारात एक माजी सैनिक दिसला. एका पायात बूट, हातात झारा, आणि भिंगातून ठिपक्यांच्या ओळी जुळवत बसलेला.