सराव-पाठातली गाय

खेड्यातल्या मुलांना शिकवायला विद्वान माणूस लागत नाही. मुलांपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठं, पगाराबद्दल कुरकुर न करणारं आणि शनिवारी नाचायला न जाणारं कोणीतरी असलं की भागतं. हे सत्य अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याला फार लवकर उमगलं. माळावर शाळा भराभर उभ्या राहत होत्या आणि मास्तर काही मक्याबरोबर शेतात उगवत नव्हते. तेव्हा राज्याने ठरवलं, की हायस्कूलच्या शेवटच्या दोन वर्षांतल्या मुलींनाच तिथल्या तिथे मास्तरीण करून टाकायचं. म्हणजे आपलं शिक्षण पुरं होण्याची वाट पाहण्यात त्यांचा वेळ जायला नको.

आमच्या एल्म सायडिंगला हा वर्ग निघाला तेव्हा मी शाळा-समितीवर होतो. (मी स्वतः शाळेत जेमतेम चार हिवाळे काढले, त्यामुळे शिक्षणाकडे मला तटस्थपणे पाहता येई.) वर्ग मिस युडोरा स्प्रॅग चालवत. बाई पूर्वेकडच्या. माळावरच्या शाळेत त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्या तत्त्वांना धूळ लागलेली नव्हती.

मुली वाचन, व्याकरण, वर्गातली शिस्त, झेंड्याला सलामी आणि शेगडी पेटवणे हे विषय शिकत. शेगडीची जरा अडचण होती. खेड्यातल्या प्रत्येक शाळेत कोळशाची शेगडी असे; हायस्कूलात मात्र उबेसाठी वाफेचे नळ होते. बाईंनी मग फळ्यावर रंगीत खडूंनी शेगडी काढली आणि मुली ती वर्षभर पेटवत राहिल्या. एकदाही धूर झाला नाही. (खेड्यांतल्या शेगड्यांना अशी शिस्त नव्हती, पण त्यांना कोणी प्रशिक्षण दिलं नव्हतं.)

खरी बहार असे ती सराव-पाठाची. शिकवायला मुलं हवीत म्हणून मुलीच आळीपाळीने सहा वर्षांची मुलं होत. पाठाच्या चार पायऱ्या असत. पहिलीला चित्र दाखवायचं. दुसरीला मुलाने जवळपासचं पण चुकीचं उत्तर द्यायचं. तिसरीला शिक्षिकेने ते गोड हसून दुरुस्त करायचं, आणि चौथीला मुलाने हाताची घडी घालून बरोबर उत्तर म्हणत राहायचं. राज्याच्या अहवालाप्रमाणे या पद्धतीत शंभर टक्के विद्यार्थी चौथ्या पायरीला तयार होत. ते पहिल्या पायरीलाही तयारच होते, पण तो रकाना अहवालात नव्हता.

मूल म्हणून सर्वांत जास्त मागणी हिल्डा जेन्सनला होती. ती वेणीचं टोक चघळत असं काही चुकायची, की बाईंना भरून येई.

"अगं, एवढी बावळट नको ना दिसूस," थोरा मिकेल्सन एकदा तिला म्हणाली. "बाईंना वाटेल, माझ्याच शिकवण्यानं झालीस."

"आता गं? मागच्या पाठाला तूच म्हणालीस ना, जरा कमी समजल्यासारखं कर!"

"कमी म्हटलं होतं, पार बंद कर नव्हतं म्हटलं."

ही थोरा वर्गातली सर्वांत हुशार मुलगी. तिला प्रमाणपत्राची गरजही सर्वांत जास्त होती. तिच्या बापाने साफ सांगून ठेवलं होतं, की पास झालीस तर मास्तरीण हो. नाही झालीस तर डाकोटात काकाकडे जायचं, त्याची बायको वारलीय, सहा पोरांचं रांधायला घरात बाई नाही. थोराने त्या सहा चुलतभावांना एकदा जेवताना पाहिलं होतं. तेव्हापासून ती फार मन लावून अभ्यास करी.

त्या वर्षी वरून नवा नियम आला. परीक्षेचा पाठ खऱ्या मुलावर घ्यायचा. वर्गात एकच खळबळ उडाली. (हिल्डाला तर अपमानच वाटला.) गावातली सगळी मुलं शाळेत जाऊन आधीच बिघडलेली, शाळेचं तोंड न पाहिलेलं कोरं मूल आणायचं कुठून? शेवटी समितीचे अध्यक्ष लॉरिड्स बुंडगार्ड यांनी आपली सहा वर्षांची नात मारेन देऊ केली.

"तिला इंग्रजी येतं ना?" बाईंनी विचारलं.

"येतं म्हणजे? आमच्या घरात दुसरं काही बोलतच नाहीत!" अध्यक्ष म्हणाले. हे ते ज्या इंग्रजीत म्हणाले, ते मग आम्ही बाईंना समजावून सांगितलं.

इथे एक खुलासा केला पाहिजे. आम्ही सगळे डेन्मार्कातून आलेले. पहिलं महायुद्ध संपताच राज्याने शाळेत इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत शिकवणं गुन्हा ठरवलं आणि आम्ही इतके कडक अमेरिकन झालो, की मी पेडरचा पीटर झालो. डॅनिश आम्ही फक्त गुरांशी, देवाशी आणि बायकोशी बोलायचो, कारण हे तिघं वर तक्रार करणार नाहीत अशी खात्री होती. (तिसऱ्याबद्दल जरा कमी.) घरात मारेनशी इंग्रजी बोलायला कोणाला सवड झाली नव्हती, एवढंच.

परीक्षेच्या दिवशी जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी ऑरिन टॅल्कट आले. आम्ही समितीचे सभासद कडक कॉलर घालून भिंतीशी बाकावर बसलो. थोराने गाईचं चित्र टांगलं आणि छडीने दाखवून इंग्रजीत विचारलं, "हे काय आहे, बाळ?"

"को," मारेन म्हणाली.

डॅनिशमध्ये गाईला 'को' असंच म्हणतात. साहेबांना ते कसं ठाऊक असणार? "वा!" ते बाईंच्या कानाशी लागले. "काय सुंदर चुकली!"

"काऊ," थोरा गोड हसली.

"काऊ," मारेनने म्हटलं.

थोराच्या गालांवर रंग चढला. तिने धार काढल्यासारखे हात करून विचारलं, "गाय काय देते?"

"मेल्क." हेही डॅनिशच.

"मिल्क," थोराने दुरुस्त केलं. साहेबांनी मान डोलावली. बाईंनी रुमाल काढला. आता फक्त चौथी पायरी उरली होती, आणि डाकोटा बराच लांब गेला होता.

तेवढ्यात मारेन उठून उभी राहिली आणि खणखणीत डॅनिशमध्ये म्हणाली, "मला शू आलीय."

या वाक्यासारखं ऐकू येणारं वाक्य इंग्रजीत नाही. साहेबांच्या भुवया वर चढल्या. "काय म्हणाली ती? ही कुठली भाषा?"

साहेबांनी आमच्या बाकाकडे पाहिलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. "काय की बुवा," मी म्हणालो. "आमच्या तर कधी कानावर आली नाही."

मारेन वळली. "आजोबा! जोरात आलीय!"

अध्यक्ष छताकडे पाहत होते. कपाळावर घाम होता, पण नजर ढळली नाही. समितीच्या इतिहासात एवढा संयम दुसऱ्या कोणत्याही अध्यक्षाने दाखवलेला नाही.

पोरीने पाय आवळले. ओठ थरथरायला लागला. थोराने क्षणभर डोळे मिटले. दोन वर्षांच्या शिक्षणात अशी पायरी कुठे आली नव्हती, कारण तिथली मुलं सतरा वर्षांची होती. नुसतं गप्प राहिली असती तर प्रमाणपत्र तिचं होतं. तिने छडी खाली ठेवली आणि आईच्या बोलीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "चल गं माझी बाय, धर माझा हात. पळ!" आणि दोघी पळत सुटल्या.

त्या वेळेवर पोचल्या. निकालात याची नोंद नाही. निकालात असं आहे, की उमेदवाराने परकीय भाषा वापरून पाठाचा क्रम मोडला, आणि विद्यार्थिनीला ती भाषा समजल्याचे दिसून आले, ही बाब अधिक गंभीर आहे.

"मग मी काय करायला हवं होतं, साहेब?" थोराने विचारलं.

"चौथी पायरी," साहेब म्हणाले.

मक्याची कापणी झाल्यावर थोरा डाकोटाला गेली. मला वाईट वाटलं, फारच वाटलं. पण समितीच्या सभासदाला वाईट वाटल्यास काय करावं याची तरतूद नियमांत नव्हती. शाळा हिल्डाला मिळाली. मारेन तिच्याच हाताखाली शिकली आणि पद्धतीचं सार्थक झालं. इंग्रजी वक्तृत्वात तिला पदकं मिळाली. डॅनिशचा एक शब्दही तिच्या तोंडात उरला नाही.

अध्यक्ष पुढे अर्धांगवायूने आजारी पडले. इंग्रजी त्यांच्याकडे शेवटी आली होती, ती पहिली गेली. मी भेटायला गेलो तेव्हा भर जुलै होता आणि म्हातारा डॅनिशमध्ये पाणी मागत होता. मारेन उशाशीच होती, मायेने त्यांचा हात धरून. "हो हो, आजोबा," ती इंग्रजीत म्हणाली आणि तिने त्यांच्या अंगावर आणखी एक पांघरूण घातलं.

तुम्हाला हसू आलं असेल तर खुशाल हसा. हसून झालं, की घरातल्या सर्वांत लहान पोराला हाक मारा आणि तुमची आजी बोलायची त्या भाषेत त्याच्याकडे पाणी मागा. पांघरूण आणलं, तर मुकाट्याने अंगावर घ्या. शाळा उत्तम निवडलीत.