हेरंबपंत घोड्यांपाशी परत आले त्याची हकीकत

श्रीगजवदन साह्य असो, आणि फासा सहा बाजूंचा असो की वीस बाजूंचा, सरळ पडो. शके १९४४, शुभकृत् नाम संवत्सर, भाद्रपद मासी एका राज्यात जे वर्तले ते ऐकिले तैसे लिहितो. राज्य म्हणाल तर मोठे नव्हे. इकबालभाई मणेर यांचे बेकरीवरील माडी, तीत एक लांब मेज, मेजावर चौकटी आखलेला नकाशा, इतकाच मुलूख. आणि दर रविवारी तिसऱ्या प्रहरी मंडळी मेजाभोवती बसून बोलत आणि फासे टाकीत, हाच राज्यकारभार. प्रत्येकाने आपला एक वीर मनाने घडवावा, त्याचे तोंडून बोलावे, गुहेत शिरावे, राक्षसाशी झुंजावे, आणि वार लागला की हुकला हे फाशाने सांगावे, ऐसा तो खेळ. शर्वरीबाई घोसाळकर दातांच्या वैद्य, त्यांचा वीर म्हणजे एक चपळ चोरटी. जयवंतराव मोहिते मोटारसायकली दुरुस्त करीत, त्यांचा वीर आडदांड कुऱ्हाडवाला. आणि इकबालभाईंचा वीर एक वृद्ध मांत्रिक, जो ऐन लढाईत मंत्र विसरे, आणि खालून भट्टीतील पावांचा वास आला म्हणजे इकबालभाई स्वतःही लढाई विसरत. या सर्वांवर सूत्रधार हेरंबपंत टिपरे. सूत्रधारास स्वतःचा वीर नसतो. गुहा त्याने खणावी, राक्षस त्याने पाळावे, पाऊस त्याने पाडावा, आणि राणीपासून पहारेकऱ्यापर्यंत सगळी सोंगे एकट्याने आणावी. पंत ही सेवा कैक वर्षे करीत होते आणि मोठ्या हौसेने करीत होते.

या राज्यात एक कायदा होता, तो नीट ध्यानी घ्यावा. कोणी लग्नाकार्यास, आजारीपणास अथवा नुसत्या कंटाळ्याने गैरहजर राहिला, तर त्याचा वीर गुहेच्या तोंडाशी घोडे राखीत बसला ऐसे समजावे. घोडे राखणारास जखम होत नसे, लुटीतला वाटा त्यास पुरा मिळे, आणि तो परत आला म्हणजे 'कोठे होतास' ऐसे कोणी पुसत नसे. 'घोडे कसे आहेत' इतकेच पुसत, आणि त्याने 'बरे आहेत' म्हणावे की कारभार पुढे चालू. हा कायदा पंतांनीच केला होता, आणि त्याचा लाभ सर्वांनी घेतला होता, एक पंत सोडून.

मग ऐसे जाहले की त्या भाद्रपदात फौज एका नगराच्या वेशीशी आली आणि पंतांनी पहारेकऱ्याचे सोंग आणिले, आणि पहारेकरी खोकला. तेव्हा शर्वरीबाई सहज म्हणाल्या, "हेरंब, मागच्या गावचा पहारेकरीपण खोकत होता ना रे? आणि त्याच्या मागचापण?" आणि जयवंतराव म्हणाले, "साथ आली असंल मुलखात." मंडळी खदखदून हसली, पंतही हसले, परंतु आत काही तुटले. मागल्या कैक रविवारांपासून पंतांना नवे काही सुचत नव्हते. दिवसभर पाणीपुरवठा कचेरीत लोकांच्या तक्रारी ऐकाव्या, आणि घरी येऊन रविवारची गुहा खणावी, तर कुदळ खडकावरच लागे. आणि ज्या रविवारची वाट पाहावी त्याचेच भय वाटू लागले होते. ते त्या दिवशी उघडे पडले. पंत उठले, म्हणाले, "मी जरा थांबतो काही दिवस," आणि फासे खिशात घालून जिना उतरले. घरी येताच ते फासे त्यांनी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकिले आणि बरणी फळीवर पार मागे ढकलिली.

विसावा लाभला तो खरा. पंत रविवारी दुपारी निजले, फिरावयास गेले, त्यांनी गच्चीत दोडक्याचा वेल लाविला, आणि पत्नी मृण्मयीबाई यांचेबरोबर बसून चहा घेऊ लागले. चेहऱ्यावर तुकतुकी आली. परंतु दिवाळी गेली, पाडवा गेला, दुसरी दिवाळीही गेली, आणि रविवारी तिसरा प्रहर आला की पंत उगीच खिडकीशी उभे राहत. जावे ऐसे वाटे आणि पाऊल उचलत नसे. पंत मनात म्हणत, मंडळीस वेशीत उभे करून मी निघून आलो. आता कोणत्या तोंडाने जाऊ? घोडे राखण्याचा कायदा वीरांसाठी, सूत्रधारास वीरच नाही, तेव्हा माझी जागा त्या माडीवर राहिली कोठे? हे भय त्यांनी कोणास सांगितले नाही. मंडळीकडूनही बोलावणे आले नाही. त्याचा अर्थ पंतांनी 'विसरले' ऐसा लाविला. शहाण्या माणसासही आपल्या बाबतीत अक्कल चालत नाही, ती ऐसी.

पुढे शके १९४६ लागले आणि पंतांची दाढ ठणकू लागली. गावात दुसरे वैद्य होते, परंतु दाढ शर्वरीबाईंनीच पूर्वी भरिली होती, तेव्हा लाजत लाजत तेथेच जाणे प्राप्त जाहले. बाईंनी त्यांस खुर्चीत आडवे केले, तोंडात कापूस कोंबिला, आणि पंतांस एक अक्षर बोलता येणार नाही ऐसा बंदोबस्त जाहल्यावर वर्तमान सांगू लागल्या. "तू गेल्यावर जयवंत बसला सूत्रधार. आ कर अजून. त्याने थेट ड्रॅगनच आणला पहिल्या दिवशी. एवढा मोठा, आग ओकणारा. आणि त्याला उडवायचंच विसरला! बसून राहिला बिचारा जमिनीवर. इकबालच्या म्हाताऱ्याला नेमका त्या दिवशी मंत्र आठवला, पहिल्याच फाशाला ड्रॅगन खलास. मग आता करायचं काय? जयवंतने घाबरून ड्रॅगनची बायको आणली. रडत. गेली दीड वर्षं आम्ही तिचं सांत्वन करतोय, हेरंब. ती काही थांबत नाही." तेव्हा पंतांस ऐसे हसू लोटले की कापूस बाहेर आला, आणि बाई ओरडल्या, "अरे, हलू नकोस!" आणि हसता हसता पंतांच्या मनात आपोआप आले की त्या विधवेस एक दीर असावा, आणि तो मोठा लोचट असावा. पुष्कळ दिवसांनी काही सुचले होते, न खणता. बाईंनी का गेलास हे पुसले नाही. निघताना इतकेच म्हणाल्या, "रविवारी आम्ही असतोच. आलास तर बरं वाटेल. नाही आलास तरी आम्ही आहोतच."

रविवार आला आणि पंत खिडकीशी उभे राहिले. मृण्मयीबाईंनी स्टुलावर चढून बरणी काढिली आणि त्यांचे हाती दिली. म्हणाल्या, "जा आता. दोडक्याला मी घालते पाणी."

मग पंत बेकरीशी आले आणि जिना चढू लागले. क्षमेचे भाषण तोंडपाठ होते. नवी गुहा मात्र तयार नव्हती, आणि सूत्रधाराचे खुर्चीत बसविले तर पुन्हा तोच पहारेकरी खोकणार, हे भय मनात होते. दारात पोचून त्यांनी भाषण आरंभिले, "मी खरं तर तेव्हा..." तो जयवंतराव सूत्रधाराचे खुर्चीतून म्हणाले, "ह्या खुर्चीकडं बघू नको, ही आता माझी हाय. तू तिकडं बस, इकबालशेजारी." पंतांनी पाहिले तो मेजाच्या कडेस, नकाशात गुहेच्या तोंडाशी, कणकेचे भाजलेले चार घोडे उभे, आणि त्यांचेपाशी कणकेचाच एक लहान माणूस, डोईस पागोटे, हातात लगाम. पंत म्हणाले, "हा कोण?"

इकबालभाई म्हणाले, "तू. तू गेलास त्याच्या दुसऱ्या रविवारी केला. पहिल्याला मुंग्यांनी खाल्लं, दुसरा शर्वरीच्या कोपरानं पडला, हा तिसरा. नाव तेवढं ठेवलं नाही, म्हटलं तुझं तू ठेवशील. वाटा पण काढून ठेवलाय तुझा."

पंतांनी तो माणूस उचलून तळहातावर घेतला. आपण गेलो त्या दिवसापासून आपण येथेच होतो, आणि आपणांस ठाऊक नव्हते, हे त्यांचे ध्यानी आले, आणि पाठ केलेले भाषण पार विसरले. संवत्सराचे नाव क्रोधी, परंतु माडीवर कोणी क्रोध केला नाही, कोणी हिशेब पुसला नाही. शर्वरीबाईंनी आपली चोरटी बोटाने सरकवीत गुहेबाहेर आणिली, आणि चोरटीच्या आवाजात म्हणाल्या, "काय हो दादा, घोडे कसे आहेत?"

पंतांनी कणकेचा माणूस पुन्हा घोड्यांपाशी उभा केला. म्हणाले, "बरे आहेत. तो ठिपक्यांचा जरा लंगडतोय. पण होईल बरा. मी बसतो त्याच्यापाशी."

जयवंतराव म्हणाले, "बघू तरी किती बसतोस. टाक फासा."

पंतांनी बरणी उपडी केली. फाशांस मोहरीचा आणि हिंगाचा वास येत होता. त्यांनी वीस बाजूंचा फासा टाकिला, तो घरंगळत जाऊन पडला एकावर, आणि एकापरते वाईट दान या राज्यात नाही. जयवंतरावांनी मोठ्या आनंदाने घोषणा केली की ठिपक्यांच्या घोड्याने लाथ मारिली आणि घोडेराखा चिखलात पडला. माडी हसण्याने दणाणली, आणि सर्वांत मोठ्याने हसले ते हेरंबपंत, कारण सूत्रधारास कधी लाथ बसत नाही, ती खेळणारासच बसते. मग इकबालभाईंनी खालून गरम खारी आणविली, आणि ड्रॅगनची विधवा रडू लागली, आणि कारभार पुढे चालू जाहला.

तात्पर्य, हेरंबपंतांनी गादी सोडिली आणि जागा त्यांची राहिली. थकल्यास जाऊ देणारी आणि न विचारता वाटा काढून ठेवणारी माणसे पंतांस लाभली, याबद्दल ते आजही दर रविवारी जिना चढताना मनात हात जोडितात. लंगडा घोडा बरा जाहला. घोडे सर्व सुखरूप आहेत, ऐसे लिहून लेखणी ठेविली.