जावयाच्या अळ्या मी निवडल्या

डोंगरावर जाऊन लेक-जावयाच्या जिवावर नुसतं बसून खायचं नाही, काहीतरी हातभार लावायचा, असं मी ठरवलं आणि तिथेच माशी शिंकली.

आमचे जावई दातांचे डॉक्टर. दवाखान्यात दिवसभर लोकांना "तोंड उघडा" म्हणतात; डोंगरावर मात्र सगळ्यांनी तोंड बंद ठेवायचं. कारण पक्षी. पक्ष्यांचे फोटो काढायचा त्यांना भारी नाद. त्यांच्या मंडळाचं दरवर्षी प्रदर्शन भरतं आणि दरवर्षी यांच्या फोटोत पक्षी सोडून सगळं येतं. फांदी येते, आभाळ येतं, एकदा नुसती शेपटी आली होती. (ती त्यांनी फ्रेम करून दवाखान्यात लावलीय. पेशंट बिचारे आ वासून तीच बघत बसतात.)

गेल्या वर्षी निळ्या गळ्याचा एक पक्षी टिपायचाच म्हणून तंबू घेऊन निघाले. मलाही न्यायचं म्हणून लेकीने हट्ट धरला. जावई म्हणाले, "आईंना जमेल का गप्प बसायला?"

"न जमायला काय झालं?" मी म्हटलं खरं, पण मनात ओळखून होते. यात नापास झाले, की पुढच्या वेळी मी घरी, कुंड्यांना पाणी घालायला. आणि डोंगर तर मला फार आवडला हो! सकाळी तंबूची चेन उघडावी तर दारात ढग, आणि कुणाच्या डब्याची घाई नाही.

शेवटच्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी उठले. सामानात एक डबा दिसला. उघडला, तर आत कोंडा आणि कोंड्यात अळ्याच अळ्या! म्हटलं, शिकलेली माणसं, पण डब्यात डोकावून बघायला वेळ नाही. तपकिरी शाल पांघरून तंबूमागच्या दगडावर बसले, ताटात कोंडा ओतला आणि एकेक अळी वेचून गवतात भिरकावली. कोंडा उन्हात पसरला. असा स्वच्छ झाला, की माझी मीच पाठ थोपटली.

इतक्यात जावई आले. "आई, इथला डबा?"

"घासून पालथा घातलाय. अळ्या झाल्या होत्या हो त्यात. सगळ्या काढल्या."

"सगळ्या?"

"एक म्हणून ठेवली नाही!"

जावई मटकन खाली बसले. लेक धावत आली. "अगं आई, त्या अळ्या मुद्दाम विकत आणल्या होत्या!"

"अळ्या? विकत?"

"पक्ष्याला खायला! आणि कोंडा त्या अळ्यांना खायला!"

(अळ्यांचीसुद्धा बडदास्त ठेवणारा जावई मिळाला, याचं मला त्यातही कौतुक वाटलं.)

जावई मोठे सभ्य. "असू दे, आई," म्हणाले. दाढ काढण्याआधी "दुखणार नाही" म्हणतात ना, अगदी त्या आवाजात. मग पक्ष्यासाठी पलीकडे मांडलेल्या वाटीत बिस्किटाचा चुरा टाकला आणि आपल्या लपायच्या छोट्या हिरव्या तंबूत शिरले. जाता जाता हात जोडले, "आता फक्त हलू नका आणि बोलू नका."

मी त्याच दगडावर गुडघ्यांवर हात ठेवून बसले. पुढच्या वर्षीच्या कुंड्या डोळ्यांसमोर दिसायला लागल्या.

तेवढ्यात शेजारी काहीतरी फडफडलं. बघते तर निळा गळा! मी फेकलेल्या अळ्या तो गवतातून टिपत होता. टिपता टिपता ऐटीत माझ्या हातावर येऊन बसला आणि माझ्या शालीवरची एक उचलली. (शालीवरही होत्या, हे मला तेव्हा कळलं.)

जावई तिकडे, माझ्याकडे पाठ करून, बिस्किटावर नेम धरून. हाक मारावी तर पक्षी उडणार, न मारावी तर त्यांचं वर्ष पाण्यात. आयुष्यभर मी नको तिथे बोलले. आता बोलण्यासारखं काही होतं, तर तोंडाला कुलूप! त्यात नाक खाजायला लागलं, आणि एक अळी मानेवरून वर निघाली.

लेक ब्रश करत बाहेर आली आणि जागीच थिजली. मग चवड्यांवर चालत जाऊन तिने हिरव्या तंबूला चिमटा काढला.

"कोण आहे?" आतून कुजबुज.

"बी. बागे बळा," ती फेसातून म्हणाली.

आणि तो तंबू दोन पायांवर उठला, गर्रकन वळला आणि चोरपावलांनी माझ्याकडे यायला लागला. मला असं हसू आलं! सगळं पोटात दाबलं. हात थरथरला, पक्ष्याने नखं घट्ट रोवली. क्लिक. क्लिक. क्लिक.

फोटो प्रदर्शनात पहिला आला. मी ठेवणीतली साडी नेसून, हात सगळ्यांना दिसेल असा पुढे धरून, फोटोशेजारी उभी. परीक्षकांनी चष्मा वर केला, खाली केला. "पक्षी सुंदर आहेच, पण हे खोड! काय भेगा, काय गाठी! असं जुनं लाकूड हेरायला नजर लागते, डॉक्टर."

मी जावयांकडे बघितलं. जावई म्हणाले, "थँक्यू, सर."

यंदा पुन्हा डोंगर ठरलाय. गाडीत खिडकीची जागा मला, न मागता. काल हाताला क्रीम चोळत बसले होते, तर लेकीने ट्यूबच काढून घेतली.

"आई, हे म्हणालेत, निघेपर्यंत हातांना काही लावू देऊ नकोस. साल गुळगुळीत होते."