बरोब्बर मधोमध टाचणी

शिवणकामात मी आयुष्यात कधी चुकलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो. एकदा वाऱ्यावर उडालेल्या सदऱ्याला मी पळता पळता बाही जोडली आणि तो जमिनीला टेकायच्या आत काजंही केली! खोटं वाटत असेल तर वाटू द्या. पुढचं मात्र खरं आहे, कारण त्यात माझी फजिती आहे, आणि स्वतःच्या फजितीच्या थापा कोण मारेल?

सुट्टं काही ठेवायचं नाही, हा आमच्या दुकानाचा बापजाद्यांपासूनचा नियम. मापाची चिठ्ठी कापडाला टाचायची, म्हणजे हरवत नाही. दोन पोरं झाल्यावर हिनं "आता पुरे" म्हणून सांगितलं आणि घरात कंडोम आले. पोरांच्या हाती लागू नयेत म्हणून मी ती पाकिटं जुन्या कोटाच्या अस्तराला आतून टाचली. एकेक टाचणी, बरोब्बर मधोमध.

आता कुरळ्याबद्दल. आमच्या समोर त्याचं औषधांचं दुकान. डोक्यावर केस असे, जणू कुणी लोकर उसवून ठेवली आहे. मी त्याला कुरळ्या म्हणायचो, ही दादा म्हणायची. पण दादा म्हणायला एवढं हसावं लागतं? पोरांचं औषध आणायला गेली की मी मशीनच्या पायडलच्या फेऱ्या मोजायचो. डोकेदुखीला साठ, खोकल्याला नव्वद! एकदा तर तिकडे बघता बघता मी एका विजारीला तीन पाय शिवले. (गिऱ्हाईक खुशीनं घेऊन गेलं, ती गोष्ट वेगळी.) कंडोमही मी चार गल्ल्या ओलांडून आणायचो. आमच्या घरातलं कुरळ्याला कशाला कळायला हवं?

एका सकाळी ही त्याच्या दुकानात शिरली. काहीतरी कुजबुजली. त्यानं तोंड गंभीर केलं, खालच्या खणातून लहानसं खोकं काढलं आणि पाण्याचा पेला पुढे केला. हिनं तिथंच गोळी गिळली. तीनशे दहा फेऱ्या! सुई बोटात गेली तरी मला पत्ता नाही.

घरी येऊन ही सरळ भाकरी थापायला बसली. दुपारी मी तिच्या पिशवीतलं खोकं वाचलं. असुरक्षित संबंधानंतर लवकरात लवकर, बहात्तर तासांच्या आत घ्यावी. असुरक्षित? आमच्याकडे तर सगळं टाचून पक्कं केलेलं! मग ही गोळी कुणाच्या नावाची? पुरावा म्हणून मी कोट खांद्यावर टाकला, हिला पुढे घातलं आणि रस्ता ओलांडला.

"माझी बायको तुझ्याकडून ही गोळी का घेते, ते माझ्या तोंडावर सांग."

कुरळ्यानं हिच्याकडे पाहिलं. "वहिनी, सांगू?"

वहिनी म्हणाला मेला!

"मीच सांगते," ही म्हणाली. "परवा ते गळालं. तुम्ही लगेच घोरायला लागलात. सांगितलं असतं तर माल खराब म्हणून असेच कुणाच्या तरी दुकानावर चालून गेला असतात."

"गळेल कसं? कोरी पाकिटं आहेत." मी कोट उलटा करून त्याच्यासमोर पसरला.

अस्तरावर नऊ पाकिटं आणि नऊ टाचण्या, कवायतीला उभ्या असल्यासारख्या एका ओळीत. कुरळ्यानं वाकून एकेक टाचणी मोजली. मग त्यानं एक पाकीट फाडलं, आतला फुगा नळाखाली धरला. आठ धारा उडाल्या! चारही दिशांना! एक सरळ माझ्या डोळ्यात.

"टाचण्या कुणी लावल्या?"

"हात माझाच आहे," मी म्हणालो. सवयीनं जरा ऐटीतच म्हणालो.

हिनं माझ्याकडे असं पाहिलं की नऊच्या नऊ टाचण्या मलाच टोचल्या. कुरळ्या मात्र हसला नाही. गोळी वेळेत घेतली आहे, पण खात्री देता येत नाही, तीन आठवड्यांनी तपासून घ्या, असं त्यानं समजावलं. मग विचारलं, "हे टाचणं कधीपासून?"

"चार महिने झाले."

"गोळी परवापुरती, भाऊ. त्याआधी काही होऊन बसलं असेल, तर त्याला ती काही करत नाही."

हिनं पाळी चुकल्याचे दिवस बोटांवर मोजायला घेतले आणि ती तिसऱ्या बोटावर थांबली.

पोरगी झाली. दाईनं हातात दिली तेव्हा मी आधी तिचं टोपडं वर केलं. केस सरळ होते. अगदी टाचणीसारखे! माझा जीव भांड्यात पडला आणि तो पडलेला हिनं पाहिला.

"केस बघून झाले असतील तर तिचा लंगोट बदला," ही म्हणाली. "आणि गाठ मारा. टाचणीला हात लावायचा नाही."