आर्नी अंकल गप्प बसले

"हे बघ, त्याचं काय आहे..." असं म्हणत आर्नी डर्कसन आपली खुर्ची पुढे ओढू लागले, की तरुण संघातली मुलं आपापल्या बुटांकडे बघायला लागत.

आर्नी अंकलचा सगळा जन्म ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात गेला होता. गिऱ्हाइकानं यावं, "घुर्रघुर्र आवाज येतोय हो" म्हणावं, आणि अंकलनी मागच्या फळीवरून नेमकं बेअरिंग काढून हातात ठेवावं. ते निवृत्त झाले त्याच सुमाराला चर्चच्या तरुण संघाचा पुढारी लग्न करून कॅलगरीला निघून गेला. दक्षिण मॅनिटोबातल्या त्या लहानशा मेनोनाइट चर्चमध्ये दुसरं कुणी हात वर करेना, तेव्हा संघ अंकलच्या गळ्यात पडला. मुलं त्यांना मनापासून आवडत. पंचाईत एवढीच, की कुणी मनातलं बोलायला लागलं की अंकल लगेच फळीकडे वळत.

कोबी म्हणाला, "अंकल, मी प्रार्थना करतो तेव्हा मला काहीच वाटत नाही." अंकल म्हणाले, "लवकर झोपत जा. दूध पी." ब्रिएल म्हणाली, परीक्षेआधी छातीत धडधडतं. तिला त्यांनी बायबलमधलं एक वचन पाठ करायला दिलं आणि केळी खायला सांगितली.

शेवटी चर्चच्या पाळकबाई इव्होन लोवेन यांनी त्यांना विनिपेगला प्रशिक्षणासाठी धाडलं. मुलांचं मन आणि त्यांचा विश्वास कसा सांभाळावा, हा विषय होता. अंकल भारावून परतले. "सगळ्याचं सार काय, तर आधी ऐका!" त्यांनी पुढच्या बुधवारी मुलांना सांगितलं, आणि ऐकणं किती महत्त्वाचं आहे यावर संपूर्ण संध्याकाळ ते एकटेच बोलले.

खरी काळजी होती ती मॅरिस टेव्झची. ही मुलगी पेंटेकॉस्टच्या सणाला बाप्तिस्मा घेणार होती. पण शरद ऋतूपासून ती डोक्यावर टोपी ओढून मागच्या खुर्चीत बसायची आणि तोंड उघडायची नाही. तिची आई डोरीन एकदा अंकलना वाहनतळावर गाठून म्हणाली, "आर्नी, ती घरी जेवतसुद्धा नाही नीट. तुम्ही काहीतरी बोला तिच्याशी."

"बोलतो ना!" अंकल म्हणाले. बोलण्यात त्यांनी आजवर कुणाला निराश केलं नव्हतं.

म्हणून मार्चमध्ये, तळ्यावरचा बर्फ चांगला जाड असताना, त्यांनी मुलांची सहल काढली. विषय ठेवला, शांततेत देवाचा आवाज ऐकणं. बर्फावर मासेमारीच्या दोन खोपट्या मिळाल्या होत्या. धाकटी मुलं पाळकबाईंबरोबर एका खोपटीत गेली, मोठी तिघं अंकलबरोबर शेजारच्या खोपटीत. मध्ये शेगडी पेटवली, कोबीनं गिरमिटानं बर्फाला भोक पाडलं, गळ सोडला, आणि सगळे भोकाभोवती उलट्या बादल्यांवर बसले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आर्नी अंकलच्या वरच्या जबड्यात एकही दात स्वतःचा नव्हता. तरुणपणी बर्फावरच्या हॉकीची चकती तोंडावर बसली, तेव्हापासून वरची कवळी होती. हे जगात फक्त त्यांच्या बायकोला, लिओनाला, ठाऊक होतं. अंकल चर्चच्या गायनवृंदात पहिल्या रांगेत उभे राहून हसत, आणि ते हसू आपलंच आहे अशी मंडळीची समजूत त्यांनी जिवापाड जपली होती. त्या सकाळी निघायच्या गडबडीत कवळीला डिंक लावायचा राहिला.

"हे बघ मॅरिस," अंकल बादली पुढे सरकवून म्हणाले, "त्याचं काय आहे, माणसानं आधी सकाळी उठून..."

"मासा! मासा लागला!" कोबी ओरडला.

"ओढ! अरे ओढ, सैल सोडू नकोस!" अंकल भोकावर ओणवे होऊन सगळ्या ताकदीनिशी गरजले, आणि शेवटच्या 'ओढ'बरोबर कवळी बाहेर आली.

टुपुक.

इतकाच आवाज झाला. मासाही सुटला. मुलं गळाकडे बघून हळहळत होती आणि अंकल त्या काळ्या पाण्याकडे बघत होते. मग त्यांनी गळ्यातला लोकरी मफलर सावकाश नाकापर्यंत ओढला आणि बादलीवर बसले.

"अंकल, तुम्ही मॅरिसला काय सांगत होता?" ब्रिएलनं विचारलं.

अंकलनी 'काही नाही' अशी मान हलवली.

"आता काय करायचं? प्रार्थना?"

तोंड उघडलं तर ओठ आत जाणार, शब्द बोबडे होणार, आणि कोबीच्या हातातल्या फोनमध्ये ते सगळं उतरून जेवायच्या आत गावभर होणार, हे अंकलना स्पष्ट दिसत होतं. त्यांनी मफलरवरून ओठांवर बोट ठेवलं. त्यांना म्हणायचं होतं, जरा थांबा, मला विचार करू द्या.

"शांतता सुरू झाली," ब्रिएल कुजबुजली. "कोबी, फोन ठेव."

आणि आश्चर्य म्हणजे सगळे गप्प बसले. शेगडीतली लाकडं तडतडत होती. बाहेर वारा खोपटीच्या पत्र्याला घासून जात होता. अंकल मनातल्या मनात कवळीमागे तळ्याच्या तळाशी गेले होते. बराच वेळ असा गेला.

"मला बाप्तिस्मा घ्यायचा नाहीये," मॅरिस म्हणाली.

अंकलच्या घशाशी एकदम पाच-सहा सल्ले येऊन दाटले. पण बाहेर पडायला वाट नव्हती.

"हं?" एवढंच ते नाकातून म्हणाले.

"म्हणजे घ्यायचा नाही असं नाही. ऐकणारं कुणी आहे की नाही तेच मला कळत नाहीये." ती भोकाकडे बघत बोलत होती. "कर्टिस भांडून घर सोडून गेला. माझा सख्खा भाऊ. त्या दिवसापासून बाबांनी त्याचं नाव घेतलेलं नाही. जेवायच्या आधी बाबा सगळ्या जगासाठी प्रार्थना करतात. उपाशी लोकांसाठी, आजाऱ्यांसाठी, सरकारसाठी पण! फक्त त्याच्यासाठी नाही. मग मी रोज त्याच्यासाठी करते, मनात. आणि काहीच होत नाही. मग मी पाण्यात उभी राहून सगळ्यांसमोर काय सांगू? माझा विश्वास आहे म्हणून?"

वाहनतळावर डोरीनला कबूल केलेलं बोलणं अंकलजवळ तयार होतं. काळ सगळं ठीक करतो. देवाची योजना असते. भावाला एक पत्र लिही. एकामागून एक सल्ले फळीवरून उड्या मारायला तयार होते, आणि एकही कामाचा नव्हता. तिचा कापरा आवाज त्यांनी पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकला. ऐकता ऐकता त्यांचे डोळे भरून आले. दातांसाठी नव्हे.

"हं," ते म्हणाले.

"मला वाटलं तुम्ही रागवाल."

अंकलनी जोरजोरात नकारार्थी मान हलवली.

मग जणू झडप उघडली. आपण फार चांगली मुलगी असल्याचा आपल्याला कंटाळा आलाय, असं ब्रिएल म्हणाली, आणि रडायला लागली. कोबी म्हणाला, "मी सतत विनोद करतो ना, ते गप्प बसलं की पोटात भीती वाटते म्हणून." मॅरिसनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. अंकल प्रत्येकाकडे बघून "हं" म्हणत राहिले, आणि जरूर पडेल तसा 'हं' कधी वर नेत, कधी खाली आणत.

जेवणाची वेळ झाली. कोबीनं शेगडीवर गावठी सॉसेज परतलं. खोपटीभर वास सुटला. अंकलना कडकडून भूक लागली होती, पण सॉसेज चावायचं तर मफलर काढावा लागणार. त्यांनी ताटली हातानं दूर सारली.

"अंकलचा उपास आहे!" ब्रिएल भारावून म्हणाली आणि आपलंही सॉसेज बाजूला ठेवलं. मॅरिसनं ठेवलं. कोबीनं ताटलीकडे बघितलं, अंकलकडे बघितलं, आणि आयुष्यातला पहिला आध्यात्मिक त्याग केला. बाहेर जाऊन खिशातल्या बिस्किटांवर त्यानं भूक भागवली, हा भाग वेगळा.

घरी लिओनानं दार उघडलं. अंकलनी मफलर खाली केला.

"अगं बाई! दात कुठायत?"

"टळ्याट," अंकल म्हणाले.

लिओना जिन्याच्या पायरीवर बसून पोट धरून हसली. अश्रू पुसत म्हणाली, "सांगून टाक की मुलांना. त्यात काय?"

"माझी काय थोभा राहील?"

"आहे ती शोभाच सांग म्हणतेय मी!"

पण तोवर उशीर झाला होता. तीन मुलं तीन घरांत जाऊन बोलली होती. मुलं आपण होऊन बोलली, हीच त्या घरांमध्ये केवढी मोठी बातमी होती. रविवारच्या उपासनेत पाळकबाई म्हणाल्या, "आर्नी, सहलीत काय अनुभव आला, त्याची साक्ष द्याल?"

अंकल उठले. अख्खी मंडळी त्यांच्याकडे वळली. कवळी करणाऱ्यानं पुढच्या शुक्रवारचा वायदा केला होता. अंकलनी मफलर घट्ट केला, मुलांच्या बाकाकडे बघितलं, छातीवर हात ठेवला आणि खाली बसले.

 मागून कुणीतरी हुंदका दिला. उपासनेनंतर मंडळीतले ज्येष्ठ एड फेअर, जे स्वतः कुणाला बोलू देत नसत, अंकलचा हात हातात घेऊन म्हणाले, "अशी जोरदार साक्ष मी पन्नास वर्षांत ऐकली नाही."

दुसऱ्या दिवशी अंकल मफलर गुंडाळून गॅरेजमध्ये बर्फ काढायचं यंत्र उघडून बसले होते, तर दारात व्हर्न टेव्झ उभा. मॅरिसचा बाप. उंचापुरा, कमी बोलणारा माणूस. त्यानं एक खोका ओढला आणि बसला.

"मॅरिस म्हणते, तुमच्याजवळ बोलता येतं."

"हं," अंकल म्हणाले.

व्हर्न टोपी हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "त्याचं नाव घेतलं तर माझा आवाज फुटेल, आर्नी. पोरांसमोर. बायकोसमोर. म्हणून घेत नाही. ते समजतात मी रागावलोय."

अंकलनी हातातला पाना खाली ठेवला. त्यांनाही मुलगा होता, व्हँकूव्हरला. त्यालाही फोन केला की ते सल्लेच देत. दोघं बराच वेळ त्या उघड्या यंत्राजवळ बसले. व्हर्न बोलला, थांबला, नाक शिंकरलं, पुन्हा बोलला. जाताना म्हणाला, "तुमच्या बोलण्यानं फार बरं वाटलं."

मग माणसांची रीघच लागली. डोरीन आली, ब्रिएलचे आईवडील आले, एड फेअर तर दोनदा आले. लिओना कॉफी करून दमली. आणि मंगळवारी पाळकबाई आल्या त्या नाचतच.

"आर्नी! प्रांतातल्या सगळ्या तरुण-नेत्यांची परिषद आहे. तुम्ही मुख्य वक्ते! म्हणजे... तुम्ही बोलायचं नाही. पण तेच तर शिकवायचंय ना सगळ्यांना!"

त्या गेल्यावर अंकलनी डोकं धरलं. "लिओना, मी थोंगी आहे थोंगी. मुलांना फथवटोय मी. टी पोरगी मला खरं थांगटे, आणि मी..."

"मग आधी तिलाच सांग," लिओना म्हणाली. या वेळी ती हसली नाही.

बुधवारी अंकल लवकरच चर्चच्या तळघरात गेले. मॅरिस एकटीच खुर्च्या मांडत होती. डोक्यावर टोपी नव्हती. अंकल तिच्यासमोर उभे राहिले, मफलर सोडला, आणि सत्तरीतल्या माणसाला जमेल तेवढ्या धिटाईनं तोंड उघडलं.

"मॅरिथ, टुला एक थांगायचंय. मी मौन वगैरे काही केलं नव्हटं. माझे डाट पाण्याट पडले होते. मला बोलटाच येट नव्हटं."

मॅरिसनं हातातली खुर्ची खाली ठेवली.

"माहितीये मला," ती म्हणाली.

"आं?"

"मी समोरच बसले होते अंकल. सगळे गळाकडे बघत होते, मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही मला सल्ला देत होता ना. टुपुक झालं, तेव्हाच बघितलं."

अंकलचा चेहरा लाल झाला. "मग टू बोललीथ का नाहीथ?"

"बोलले की! म्हणून तर बोलले. म्हटलं, आता हे मध्येच काही सांगू शकणार नाहीत. अशी संधी परत मिळाली नसती."

 अंकल हसले, कवळीशिवाय, वरच्या गुलाबी हिरड्या दाखवत, तोंडभर. मॅरिसही हसली, इतकी की तिला खुर्चीवर बसावं लागलं.

"कुणाला थांगिटलंथ?" अंकलनी विचारलं.

"नाही. आणि तुम्हीही इतक्यात सांगू नका." ती डोळे पुसत म्हणाली. "काल जेवताना बाबा म्हणाले, 'प्रभू, उपाशी लोकांना, आजाऱ्यांना आणि कर्टिसला सांभाळ.' मग आवाज फुटला त्यांचा. बटाटे गार झाले. कुणीच उठलं नाही." मग तिनं बोट उगारलं. "बाप्तिस्म्याचं माझं अजून काही ठरलेलं नाही हं."

अंकलनी तोंड उघडलं. मिटलं.

"हं," ते म्हणाले.

"नवे दात कधी येणार?"

"थुक्रवारी."

मॅरिसनं दुसरी खुर्ची समोर ओढून त्यांच्यासाठी मांडली. "म्हणजे अजून गुरुवार आहे. बसा अंकल, मला बरंच सांगायचंय."