चार्जिंगची सोय आहे

भाड्याचा फ्लॅट बघताना चित्रकलेच्या मास्तरांनी हवा-उजेड काही पाहिला नाही. पार्किंगच्या भिंतीवर चार्जिंगचा पॉइंट दिसला आणि त्यांनी होकार देऊन टाकला. बायको दातांची डॉक्टर. राहायला आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी तिला शहराबाहेरच्या नव्या दवाखान्यात रुजू व्हायचं होतं आणि सामान वाहून वाहून गाडीची बॅटरी पार तळाला गेली होती.

मास्तरांनी वायर लावली. दिवा लागला. ते वर पोचतात न पोचतात, तोच खालून बायकोची हाक आली, "अहो, गेला दिवा!"

ते धावत खाली निघाले, तर पहिल्या मजल्यावरचं दार उघडं. आतल्या काकू म्हणाल्या, "मीच बंद केला. त्या पॉइंटची वायर माझ्या मीटरवर आहे. धुण्याचं मशीन लावलं की फ्यूज उडतो."

"पण घरमालक तर म्हणाले, सोय आहे!"

"त्यांना म्हणायला काय जातंय? मला आज चादरी धुवायच्यात. मग इस्त्री."

मास्तरांनी बाह्या वर सारल्या. "काकू, चादरी मी हातानं धुऊन दिल्या तर?"

काकूंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि दार पूर्ण उघडलं.

चादरी झाल्या. मग पडदे निघाले. मधूनच मास्तर ओल्या हातांनी गॅलरीत धावत. "किती झालं गं?"

"चढतंय! थांबू नका, पिळत राहा!"

बॅटरी कशीबशी अर्ध्यावर आली, तोच काकू पर्स घेऊन उभ्या. "बहिणीकडे निघाले. मेन स्विच बंद करून जाते हं. घरात कुणी नसताना चालू ठेवत नाही मी."

"काकू, सोडतो ना मी तुम्हाला!" मास्तर घाईघाईनं म्हणाले. "स्विच तेवढा राहू द्या. आलो की लगेच लावतो गाडी."

बहिणीचं घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला निघालं. काकू पुढे बसल्या. मागे बायको वाकून बॅटरीच्या आकड्याकडे बघत होती. प्रत्येक सिग्नलला तो खाली येत होता. "एसी वाढवा जरा," काकू म्हणाल्या. मास्तरांनी वाढवला.

बहिणीनं दार उघडलं. "हे कोण गं?"

"नवीन लावलेत कामाला," काकू कौतुकानं म्हणाल्या. "धुणं काय स्वच्छ धुतात! शिवाय स्वतःची गाडी घेऊन येतात."

बायकोनं तोंडावर रुमाल धरला. बहीण लगबगीनं पुढे आली. "अगंबाई! माझ्याकडे याल का हो?"

मास्तर रागानं काहीतरी बोलणार होते. पण त्यांना बॅटरीचा तो खाली आलेला आकडा आठवला.

"तुमच्याकडे चार्जिंगचा पॉइंट आहे?" त्यांनी विचारलं.