सुपरची एक ओळ

वाचनालयाचं दालन संध्याकाळी सात वाजता बंद होतं, ही गोष्ट तशी साधी. ती अवघड करण्यासाठी संस्थेने माझी नेमणूक केली होती.

दालन बंद करण्याची मूळ मेथड, म्हणजे कोडमधली ठरावीक कृती, काकांची. काका म्हणजे आमच्या विभागातले सर्वांत जुने प्रोग्रामर. त्यांचा कोड आधी त्यांच्याच आवाजात तीनदा विचारायचा, "आत कुणी आहे का?" मग खुर्च्या तपासायचा. कुणी दिसलं तर दार उघडून द्यायचा, नाहीतर कुलूप लावायचा. मी माझ्या चाइल्ड क्लासमध्ये, म्हणजे काकांच्या कोडचा वारसा घेणाऱ्या माझ्या कोडमध्ये, त्याच नावाची मेथड नव्याने लिहिली. दिवे मंदावणार, संगीत वाजणार, दार अलगद मिटणार.

"नाव तेच ठेवलंस, म्हणजे आता माझी मेथड चालणार नाही," काका म्हणाले. "वर एक ओळ टाक. सुपर लिहून आधी माझीला हाक मार, मग तुला काय दिवे लावायचे ते लाव."

"बघतो, काका," मी म्हणालो. बघितलं नाही. त्या एका ओळीने माझं श्रेय निम्मं झालं असतं.

उद्घाटनाला बदल मंजुरी समितीचे तिघे पुढच्या रांगेत बसले. मागे बाबा, पोराने काय केलंय ते बघायला आलेले. मी बाहेरून बटण दाबलं. दिवे मंदावले, संगीत वाजलं, दार मिटलं. आतून टाळ्या आल्या. थोड्या वेळाने थांबल्या.

"दार उघड रे," बाबांचा आवाज आला.

दार आता सकाळी नऊलाच उघडणार होतं. किल्ली जुनाट म्हणून मीच रद्द केली होती. आणि बाबांची साडेसातची रक्तदाबाची गोळी माझ्या खिशात होती.

ओळ टाकायला दहा सेकंद पुरले असते. पण चालू कोडला हात लावायचा तर समितीची सही हवी, आणि समिती आत. दाराच्या फटीतून जेमतेम कागद जात होता; मी तिथून अर्ज सरकवला. मूळ मेथड डावलण्याचे कारण: अनवधान.

अर्ज परत आला. "अनवधान हे कारण नाही, सवय आहे."

मी लिहिलं, कार्यक्षमतेसाठी. शेरा आला, "पुरावा जोडा." सात वाजून सव्वीस मिनिटं झाली होती. आत बाबा खोकले. मग मी खरं ते लिहिलं: मला वाटलं, मला जास्त कळतं.

सही तत्काळ झाली. "नेहमीचेच कारण. मंजूर."

मी ओळ टाकली आणि पुन्हा बटण दाबलं. छतातल्या स्पीकरमधून काकांचा घोगरा आवाज आला, "आत कुणी आहे का?"

"आहे," बाबा म्हणाले, आणि दार उघडलं.

ती ओळ टाकल्याबद्दल मला वार्षिक पारितोषिक मिळालं. भाषणात काकांचं नाव घ्यायचं राहून गेलं, अनवधानाने. हसताय? तुमच्याही एखाद्या भाषणात कुणाचं तरी नाव राहिलंच असेल. कारणाचा रकाना खाली मोकळा सोडला आहे.